आधी करंट काढ, मग व्होल्टेज

अज्ञात व्होल्टेज दिसलं की लगेच ओहमच्या सूत्रात (व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स) आकडे कोंबू नकोस. एकसर (सिरीज) जोडणीत करंट सगळीकडे सारखाच असतो. आधी तो पकड. समज, सप्लाय 12 व्होल्टचा, रेझिस्टर 1 किलोओहम, 2.2 किलोओहम आणि तिसरा रंगपट्ट्या करपलेला, म्हणजे किती ओहमचा ते वाचता न येणारा. पहिल्यावर मीटर 2 व्होल्ट दाखवतोय, म्हणजे करंट 2 मिलिअँपिअर. (किलोओहमने भागलं की उत्तर मिलिअँपिअरमध्ये येतं, इथेच बरेच जण घसरतात.) दुसऱ्यावर 4.4 व्होल्ट. उरलेले 5.6 तिसऱ्यावर, म्हणजे तो 2.8 किलोओहम. बाजारातला 2.7 चा असणार, 5 टक्के टॉलरन्समध्ये (लिहिलेल्या आकड्यापासून चालणाऱ्या फरकात) हे बसतं. आता तिसऱ्यावर मीटर लावून ताळा करच. फक्त लाल प्रोब अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिला नाही ना, ते आधी बघ.