पेंटागॉनने खुले केलेले यूएफओचे व्हिडिओ परग्रहवासीयांचा पुरावा मानता येतील का?

नाही, व्हिडिओ अस्सल आहेत, पण त्यांतून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत. ते अमेरिकी नौदलाच्या लढाऊ विमानांनी टिपलेत आणि एप्रिल २०२० मध्ये पेंटागॉनने अधिकृतपणे प्रसिद्ध केले, तेव्हा बनावटपणाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो वस्तूच्या अंतराचा. अंतर कळल्याशिवाय वेग आणि आकार, दोन्ही सांगता येत नाहीत.

२०१५ ची ‘गोफास्ट’ फीत बघा. एक ठिपका समुद्राला चिकटून सुसाट जातोय असं वाटतं. पण विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूचं अंतर स्क्रीनवरच दिसतं. शाळेतली त्रिकोणमिती लावली की वस्तू पाण्यालगत नाही, सुमारे १३,००० फुटांवर निघते. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ च्या अहवालात हेच गणित केलं: सरासरी वेग ताशी साधारण ४० मैल, त्या उंचीवरच्या वाऱ्याइतका. बाकीची धाव विमानाची. चालत्या गाडीतून झाडं मागे पळताना दिसतात ना, तसं. (व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्लिपांत हे आकडेही नसतात, त्यामुळे त्यांवर वाद घालणं फुकट.)

मात्र २००४ चं ‘निमिट्झ’ या अमेरिकी विमानवाहू जहाजाच्या वैमानिकांचं प्रकरण इतकं सहज निकालात निघत नाही. तिथे वैमानिकांनी वस्तू प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलंय, रडारच्या नोंदींचाही दावा आहे. पण तिथली फीत म्हणजे नुसता धूसर ठिपका आहे. वजन असलंच तर ते साक्षींना, व्हिडिओला नाही.