सातव्या महिन्यातले बाळ जगते आणि आठव्यातले जगत नाही, हे खरे आहे का?

आपल्या बहिणीला आठवा महिना लागला आहे आणि या महिन्यात प्रसूती झाली तर मूल वाचत नाही, या घरातल्या बोलण्याने ती धास्तावली आहे, असे आपण लिहिले आहे. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर म्हणून मी ठामपणे सांगतो की ही समजूत खरी नाही. या काळात सर्व ठीक असेल तर गर्भाशयात मिळणारा प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या हिताचाच असतो.

समजूत मात्र फार जुनी आहे. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचे जीवनबळ, अस्थिर असते, म्हणून तेव्हा जन्मलेले मूल जगत नाही, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. त्यामुळे वडीलधाऱ्यांना दोष देऊ नये.

अपुऱ्या दिवसांचे बाळ जगणे बव्हंशी त्याच्या फुप्फुसांवर अवलंबून असते. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आत सरफॅक्टंट नावाच्या द्रव्याचा पातळ थर लागतो. ते साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागते आणि ३४-३५व्या आठवड्यापर्यंत बहुतेक बाळांमध्ये पुरेसे होते. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी, म्हणजे आठव्या महिन्याच्या अखेरीस जन्मला आणि वजन दोन किलोंहून अधिक असूनही श्वसनाच्या आजाराने ३९ तासांत दगावला. या आजाराचे मूळ सरफॅक्टंटच्या कमतरतेत आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवले होते, परंतु उपचार हाती नव्हता. तो पुढे आला: १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देण्याचा लाभ सिद्ध केला, आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाळाच्या श्वासनलिकेत सरफॅक्टंट सोडून यश मिळवल्याचे प्रसिद्ध केले. पॅट्रिकसारखे बाळ आज बहुधा सुखरूप घरी जाते.

२४ आठवड्यांच्या आत मात्र चित्र अजूनही कठीण आहे. २१व्या आठवड्यात जन्मून जगलेली बाळे जगभरात अगदी विरळ आहेत.

बहिणीला वेळेआधी कळा आल्या, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर घरी वाट पाहू नये. शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच तिला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे, कारण जन्मानंतर नाजूक बाळाला हलवणे अधिक धोक्याचे असते, आणि स्टिरॉइडचा पुरेसा परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो. ३४ आठवड्यांपूर्वीच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ सहसा नीट जमत नाही, म्हणून आईचे दूध काही दिवस नळीने द्यावे लागू शकते. ते पाहून तिने घाबरू नये, हे तिला आधीच सांगून ठेवावे.