साइट माझी, खाते डेव्हलपरचे : नोटीस आली, आता काय करू?

प्रश्न : मी बाळांचे कपडे शिवून स्वतःच्या साइटवरून विकते. साइट एका फ्रीलान्स डेव्हलपरने करून दिली. डोमेन, होस्टिंग, एसएसएल सर्टिफिकेट सगळे त्यानेच घेतले. पैसे मी दरवर्षी त्याला देते. मध्यंतरी सर्टिफिकेटची मुदत संपली आणि चार दिवस ग्राहकांना साइट सुरक्षित नसल्याचा इशारा दिसत राहिला. त्या दिवसांत ऑर्डर दिलेल्या एका ग्राहकाने आता वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : माझा पत्ता आणि फोन नंबर फुटला, फसवणुकीचे फोन येतात, भरपाई द्या. डेव्हलपर म्हणतो, ‘तुम्हालाच स्वस्त प्लॅन हवा होता.’ होस्टिंग कंपनी अटींकडे बोट दाखवते. सर्टिफिकेटवर मोठ्या रकमेची वॉरंटी आहे म्हणे, ती मला मिळेल का? आणि पुढे कोणते सर्टिफिकेट आणि कोणते होस्टिंग घेऊ?

उत्तर : वॉरंटीची आशा सोडा. ती सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने चुकीच्या माणसाला सर्टिफिकेट दिले आणि त्यावर विसंबलेल्याचे नुकसान झाले, अशा प्रसंगासाठी असते. मुदत संपणे किंवा साइट फोडली जाणे तिच्यात सहसा बसत नाही.

नोटिशीला मात्र मुदतीत उत्तर द्या. गप्प बसू नका आणि घाईघाईने ‘आमची चूक झाली’ असेही लिहून देऊ नका, कारण नक्की काय झाले हे अजून तुम्हालाच माहीत नाही. सर्टिफिकेट ग्राहकाच्या ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास सुरक्षित ठेवते. मुदत संपली म्हणून आत साठवलेली माहिती आपोआप बाहेर पडत नाही. इशारा डावलून पुढे गेलेल्या ग्राहकाला वाटेत कोणी बनावट साइट दाखवण्याचा धोका खरा असतो, पण पत्ते आणि फोन नंबर फुटायला दुसऱ्या वाटाही असतात : जुने प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम), अनेकांना माहीत असलेला अॅडमिन पासवर्ड, कुरिअरला पाठवलेली यादी. एक गोष्ट आजच पाहा. साइटच्या ऑर्डर-सेटिंगमध्ये नव्या ऑर्डरची सूचना कोणकोणत्या ईमेलवर जाते? साइट बनवताना चाचणीसाठी घातलेला डेव्हलपरचा पत्ता तिथे तसाच राहिला असेल, तर आजवरच्या प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता आणि नंबर त्याच्या इनबॉक्समध्ये पडून आहे.

आता कायद्याचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ खाली निष्काळजीपणाची भरपाई मागता येते आणि एकट्या मालकीचा व्यवसायही त्यात येतो. पण ते कलम ‘संवेदनशील’ माहितीपुरते आहे, आणि 2011 च्या नियमांत पासवर्ड, बँक किंवा कार्डाचा तपशील, आरोग्यविषयक माहिती अशा गोष्टी संवेदनशील ठरतात. नुसता पत्ता आणि फोन नंबर त्या यादीत नाही. नोटिशीच्या उत्तरात हा मुद्दा घ्यायलाच हवा. ग्राहकांना साइटवर खाते उघडून पासवर्ड ठेवावा लागत असेल आणि तेही फुटले असतील, तर मात्र हा बचाव लंगडा पडतो.

पुढे हा बचाव उरणारच नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होणार असे त्यांत ठरले. हा कायदा संवेदनशील आणि साधी असा भेद करत नाही. त्याचे कलम 8 तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे : ज्याच्या धंद्यासाठी माहिती गोळा होते त्याचीच जबाबदारी, मग करारात काहीही लिहिलेले असो आणि ती माहिती प्रत्यक्षात दुसरा कोणी सांभाळत असो. डेव्हलपरवर ढकलून ग्राहकापुढे सुटका नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. छोट्या दुकानाला तेवढा होईल असे मला वाटत नाही, पण छोटे आहात म्हणून सूट मिळेल हे गृहीतही धरू नका.

तपासात माहिती फुटल्याचे दिसले तर सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवावे लागते. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार त्यासाठी घटना लक्षात आल्यापासून 6 तास मिळतात. त्याच निर्देशांत सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आले आणि काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपायला सांगितले आहे. हे लॉग हाच तुमचा मुख्य पुरावा. होस्टिंग कंपनीला आजच लिहून कळवा की त्या चार दिवसांचे आणि पुढच्या आठवड्याचे लॉग पुसू नयेत.

डेव्हलपरची जबाबदारी वेगळी आहे आणि ती खरी आहे. ‘रिन्यूअलचे मी बघतो’ असा त्याचा एखादा व्हॉट्सअॅप मेसेज आणि दरवर्षीच्या पैशांची नोंद एवढ्यावरही करार उभा राहतो. करार कायद्याच्या कलम 73 खाली चार दिवसांच्या बुडालेल्या विक्रीची भरपाई मागता येईल. आधीच्या महिन्यांची रोजची विक्री काढून ठेवा. दावा करार मोडल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. सर्टिफिकेट कधी संपले याबद्दल तो वाद घालू शकणार नाही, कारण जवळपास प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये होते आणि साइटच्या नावाने शोधले की जुन्याची शेवटची तारीख व नव्याची सुरुवात कोणालाही दिसते. त्या पानाची आणि मेसेजची प्रत काढताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र वकिलाकडून नीट करून घ्या. नुसते स्क्रीनशॉट न्यायालयात अडतात.

माझी खरी काळजी डोमेनची आहे. नोंदणीत ‘रजिस्ट्रंट’, म्हणजे डोमेनचा नोंदणीधारक, म्हणून कोणाचे नाव आणि कोणाचा ईमेल आहे? तो त्याचा असेल, तर कागदोपत्री दुकानाची पाटी त्याची आहे. वाद पेटण्याआधी हे नाव बदलून घ्या. कोडचेही तसेच. फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट केवळ पैसे दिल्याने तुमचा होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे सहीचे लेखी हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते.

आता निवड. महागडे सर्टिफिकेट घेतले म्हणजे कायद्यापुढे जास्त सुरक्षित, असे अजिबात नाही. साध्या, डोमेन तपासून मिळणाऱ्या मोफत सर्टिफिकेटचे एन्क्रिप्शन महागड्याइतकेच भक्कम असते. कंपनीची कागदपत्रे तपासून मिळणाऱ्या सर्वांत महाग प्रकारात पूर्वी अॅड्रेस बारमध्ये कंपनीचे नाव झळकायचे. क्रोम आणि फायरफॉक्सने ते 2019 मध्येच काढून टाकले. तुमच्या दुकानाला मोफतचे पुरते, फक्त ते आपोआप नूतनीकरण होणारे हवे. हाताने रिन्यू करण्याचे दिवस संपत आले आहेत : सर्टिफिकेटची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47 दिवस ठरली आहे. डेव्हलपर बदलताना नवी खासगी किल्ली (सर्टिफिकेटच्या जोडीची, सर्व्हरवर राहणारी गुप्त फाइल) तयार करून नवे सर्टिफिकेट घ्या आणि जुने रद्द करायला लावा.

स्वतःचा सर्व्हर घेऊन त्याची देखभाल करण्याच्या फंदात पडू नका. तुम्ही एकट्या धंदा चालवता, दर महिन्याचे सुरक्षा अपडेट कोण घालणार? सांभाळून दिले जाणारे होस्टिंग घ्या आणि खाते तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर उघडा. डेव्हलपरला वेगळे लॉगिन द्या, जे तुम्हाला कधीही बंद करता येईल. 99.9 टक्के अपटाइमच्या, म्हणजे साइट चालू राहण्याच्या वेळेच्या, जाहिरातीवर निवड करू नका. त्या आकड्यातही वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहू शकते, आणि भरपाई म्हणून बहुधा बिलातली थोडी सूट मिळते. अटींमध्ये तीन गोष्टी शोधा : बॅकअप कोणाची जबाबदारी, लॉग किती दिवस ठेवतात, घटना घडली तर तुम्हाला किती तासांत कळवतात. तिसऱ्याचे उत्तर लेखी मिळत नसेल तर ती कंपनी सोडा. कार्डाचे पेमेंट गेटवेच्याच पानावर होऊ द्या. दुकानदाराने कार्ड नंबर साठवायला रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2022 पासून मनाई केली आहे.

आणि साइटवर तुमचे पूर्ण नाव, पत्ता व तक्रार अधिकाऱ्याचे नाव आहे का? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते लागते, आणि तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते. समोरचा वकील हेच आधी तपासेल.

क्रम असा ठेवा. आधी साइट आणि ऑर्डर-यादीचा संपूर्ण बॅकअप स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवा. मग डोमेन आणि होस्टिंग नावावर करून घ्या. ते झाल्यावरच डेव्हलपरला भरपाईची नोटीस पाठवा. उलट क्रमाने गेलात आणि त्याने चिडून पासवर्ड बदलले, तर ग्राहकाला उत्तर द्यायला लागणारे लॉगही तुमच्या हाती राहणार नाहीत.