ओल्याबरोबर सुकंही कुजतं : वाचकांचे कचऱ्याचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. पुण्यात सिंहगड रोडला राहतो. सोसायटीत तीन वर्षं ओला-सुका वेगळा करतोय, त्यासाठी मीटिंगा झाल्या, भांडणंही झाली. आणि परवा गॅलरीतून बघतो तर खाली गाडीत दोन्ही डबे एकावर एक रिकामे. आता घरचे म्हणतात कशाला एवढी मरमर. काय सांगू त्यांना?

उत्तर : आधी एक करा, सकाळी सातला चप्पल घालून खाली जा. गॅलरीतून सगळं दिसत नाही, काही गाड्यांना मधे पार्टिशन असतं. आणि पुण्यात बऱ्याच ठिकाणी कचरा घेणाऱ्या ताई पार्किंगमधेच बसून पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या बाजूला काढतात, गाडीत जातो तो उरलेला गाळ. तो एकत्र दिसला म्हणून तुमचं वेगळं करणं फुकट गेलं असं नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण दर महिन्याला चार पत्रं याचीच येतात. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, २००८ साली महापालिकेशी करार झाला आणि आधी उकिरड्यावर वेचणाऱ्या बायका ओळखपत्र घेऊन दारात यायला लागल्या. त्यांची कमाई दोन तोंडांनी, घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री. आता हा माल भंगारवाल्याकडे जातो तेव्हा तो काय बघतो? कोरडा आहे का, स्वच्छ आहे का. कालच्या आमटीत भिजलेल्या पेपरला कोण भाव देणार हो! आपण म्हणतो सुक्याबरोबर ओलंही जळतं, कचऱ्यात बरोब्बर उलटं आहे, ओल्याबरोबर सुकंही कुजतं. म्हणजे तुम्ही वेगळं करता तेव्हा पर्यावरण वगैरे नंतर, आधी त्या बाईच्या दिवसाचे पैसे वाचवता. घरच्यांना हेच सांगा.

आणि खाली जाऊन बघितलं अन् खरंच सगळं एकत्र करत असतील तर? फोटो काढा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहा, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना द्या, एकदा देऊन काही होत नाही, चिकाटी लागते. आमच्याकडे सहा महिने लागले आणि तेवढ्यात दोन साहेब बदलून गेले! पण खरा उपाय वेगळाच आहे, ओला कचरा गेटच्या बाहेर जाऊच देऊ नका. आवारातच जिरवला तर गाडीवाला मिसळणार काय? २०१६ च्या केंद्राच्या नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांवर तशीही ती जबाबदारी टाकली होती, आणि पुण्यात खत प्रकल्पाला मिळकतकरात सवलत मिळते, सेक्रेटरींना हे जरूर ऐकवा, पैशाचं लगेच कळतं त्यांना.

नाहीतर मिसळलेलं जातं कुठे ते आपण बघितलंय. वर्षानुवर्षं पुण्याचा ढीग उरुळी देवाची-फुरसुंगीला पडला, तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहराला जाग आली. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६ मधे आग लागली होती आठवत असेल, धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढिगाच्या पोटात ओलं सडून मिथेन हा पेटणारा वायू होतो, वर प्लॅस्टिक, मग पेटायला वेळ लागत नाही.

प्रश्न : घरी खताची बादली सुरू केली. वास मारतोय आणि आत अळ्या झाल्यात. सासूबाई म्हणतात आजच्या आज फेक. (नाशिक)

उत्तर : फेकू नका, सासूबाईंना दोन दिवस थांबवा. वास येतोय म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. बादलीला भोकं आहेत ना? सुका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, ओल्याच्या निदान बरोबरीने, दुप्पट घातलं तरी चालेल, आणि उलथंपालथं करा. आंबट ताकाचा एक हबका मारा, विरजणासारखं काम करतं. मुठीत दाबल्यावर थेंब गळला तर ओलं जास्त, भुगा उडाला तर सुकं जास्त. रस्सा-आमटी निथळून मगच टाका. अळ्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतील, त्या चावत नाहीत, उलट उरलंसुरलं भराभर खाऊन टाकतात. दिसायला किळसवाण्या आहेत हे मान्य, वरून सुक्या पाल्याचा जाड थर द्या म्हणजे दिसणार नाहीत. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास यायला लागतो.

प्रश्न : कॉलेजात चक्राकार अर्थव्यवस्थेवर प्रोजेक्ट आहे. सोपं उदाहरण सांगाल का?

उत्तर : चक्राकार म्हणजे वस्तू वापरून फेकायची नाही, पुन्हा पुन्हा वापरात फिरवायची. आजीला बोहारणीबद्दल विचार. जुन्या साड्या घेऊन भांडी द्यायची, आणि एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चालायची! साडी विटली की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, शब्द नव्हता पण चक्र होतं. मात्र प्रोजेक्टमधे सगळंच गोल गोल फिरतं असं लिहू नकोस. ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवता येतं, आणि खनिजापासून नवं काढण्यापेक्षा त्यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पाण्याच्या बाटलीची मात्र बऱ्याचदा पुन्हा बाटली होत नाही, तिचा पॉलिस्टरचा धागा होतो, आणि त्या धाग्याच्या टी-शर्टचं पुढे काही होणं अवघड. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करणं परवडत नाही म्हणून भंगारवाला हात लावत नाही. कोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा डेपोचं चक्क बघायला जायचं ठिकाण केलंय, जमलं तर प्रत्यक्ष जाऊन ये, नेटवरून उतरवण्यापेक्षा बरं.

प्रश्न : दुधाची पिशवी धुऊन देते, बरोबर ना? आणि 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या डब्यात लावल्या तर चालतील?

उत्तर : दुधाची पिशवी अगदी बरोबर, फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, ते चिमुकले तुकडे कुणाच्याच हाती लागत नाहीत. कंपोस्टेबल म्हणजे खत होऊ शकणाऱ्या पिशवीला मोठ्या खत प्रकल्पातली पन्नास-साठ अंशांची उष्णता लागते, बाल्कनीतल्या बादलीत ती तशीच पडून राहते. डब्यात कालचा पेपर घाला, झालं.