तैलरंग शिकण्यासाठी रेनेसाँ काळातलं धार्मिक चित्र हुबेहूब काढण्याचा फायदा होतो का? सुरुवात कोणत्या चित्रापासून करावी?

हो, नक्की होतो. सुरुवात इटालियन चित्रकार राफाएलच्या ‘स्मॉल काउपर मॅडोना’पासून करा (साधारण १५०५, नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट, वॉशिंग्टन). माता मेरी आणि बाळ येशू एवढ्या दोनच आकृत्या, आकार जेमतेम ६० बाय ४४ सेंटिमीटर, आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी प्रतिमा मोफत मिळते. रचना आधीच ठरलेली असल्यामुळे सगळं लक्ष रंगाच्या थरांवर राहतं, आणि तैलरंगाचं खरं मर्म तिथेच आहे. आधी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त छायाप्रकाश बसवा; अंबरमधल्या मँगनीजमुळे हा थर लवकर वाळतो. मग अपारदर्शक रंग, आणि ते पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेले पारदर्शक थर. मेरीच्या लाल वस्त्रावर फिकट गुलाबीवर ॲलिझरिन क्रिमझन या गडद लाल रंगाचा असा थर देऊन बघा, रंग आतून उजळल्यासारखा दिसतो! वरच्या थरात तेल नेहमी खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात. मात्र नुसत्या नकलेतून समोरची वस्तू पाहून रंग ओळखण्याची नजर तयार होत नाही. त्यासाठी सोबत एखादं फळ किंवा तांब्या समोर ठेवून रंगवत राहा.