भेज्यानं कातडं कमवायचं असेल तर

भावा, पहिलं म्हणजे हरणाचं कातडं नकोच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो सरळ गुन्हा आहे, भीमगडच्या जंगलाच्या बाजूचं कोण आणून देतो म्हटलं तरी नाही म्हण. खाटकाकडनं बकऱ्याचं ताजं कातडं घे, भेजा पण घे, आणि लगेच मीठ चोळ.

चुन्याच्या पाण्यात (ग्लोव्हज घालून) केस हातानं सुटेपर्यंत ठेव, मग आतलं मांस आणि केसाखालचा गुळगुळीत पापुद्रा दोन्ही खरवडून काढ, हा पापुद्रा राहिला की भेजा आत मुरतच नाही, नवीन पोरं इथंच घाई करतात. चुना पूर्ण निघेस्तोवर धू, पिळ. भेजा कोमट पाण्यात कुस्करून त्यात भिजव, पाणी हाताला सोसेल एवढंच, कडक झालं की कातडं आक्रसून वाया जातं.

खरी मेहनत पुढं आहे, वाळेपर्यंत सगळ्या बाजूनं ताणत राहायचं, मधे सोडलंस की पापडागत कडक. शेवटी कुजक्या लाकडाचा धूर दे, जाळ नको, धुराशिवाय एकदा भिजलं की परत ताठ होतं.

आणि अथणीच्या (कोल्हापुरी) चपलांचं कातडं वेगळं, ते बाभळीची साल आणि हिरड्यात कमवतात, भेज्यानं कमवलेल्याचे चपलांचे तळ होणार नाहीत, पिशवी मात्र झकास होते.