फिल्टरचं धुणं आणि ओढ्याकाठची विहीर

प्रश्न : आमचं पाच एकर रान शहराच्या फिल्टर प्लांटच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी आहे. नगर परिषद रोज सकाळी आणि रात्री फिल्टर धुते आणि ते राखाडी पाणी पाइपाने ओढ्यात सोडते. चार वर्षांपूर्वी प्लांट वाढवला, तेव्हापासून पाणी दुपटीने वाढलंय. या जुलैत ते बांध फोडून रानात आलं, विहिरीत गाळ बसला, मोटार जळाली. अभियंता म्हणतात, "हे पिण्याच्याच पाण्याचं धुणं आहे, प्रदूषण कसलं? प्रदूषण बोर्डाची परवानगी कारखान्यांना लागते. आणि वीस वर्षं सोडतोय, आता तो आमचा हक्क झाला." माझे दीर पाइपात काँक्रीट भरायला निघालेत. मला भीती अशी, की तक्रार केली तर शहराचं पाणी बंद होईल. माझी लेक तिथंच नांदते.

उत्तर : ताई, आधी दिरांना थांबवा. पाइप बुजवला तर पाणी प्लांटमध्ये तुंबेल, शहराचा पुरवठा अडेल आणि तक्रार तुमच्या घरावर येईल. आज तुमची बाजू भक्कम आहे. ती एका घमेल्याच्या काँक्रीटपायी घालवू नका.

पत्रासोबतचा फोटो मी बराच वेळ पाहिला. रानात साय धरावी तशी राखाडी साल धरली आहे आणि वाळून तिच्या कडा पापडासारख्या वर आल्या आहेत. तुम्ही लिहिता की त्यावर पाणी दिलं तर मुरत नाही, वरच उभं राहतं. हा तुरटीचा गाळ आहे. नदीच्या पाण्यातली माती खाली बसावी म्हणून तुरटी टाकतात. माती आणि तुरटी मिळून जो लगदा होतो, तो काही टाकीच्या तळातून काढतात आणि उरलेला वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर उलटा धुतला की तो बाहेर पडतो. पावसाळ्यात नदी गढूळ, म्हणून तुरटी जास्त, म्हणून गाळही जास्त. तुमचं नुकसान नेमकं जुलैत झालं ते यामुळेच. हा गाळ जमिनीतलं स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतो आणि पिकाला मिळू देत नाही. म्हणून कृषी सहायकांकडून माती परीक्षण करून घ्या, एक नमुना साल धरलेल्या जागेचा आणि एक चांगल्या जागेचा.

आता अभियंत्यांचं म्हणणं. पाणी कुठून आलं हे कायदा विचारत नाही, पाइपातून काय बाहेर पडलं हे विचारतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २ मध्ये 'ट्रेड एफ्लुअंट'ची व्याख्या आहे. कोणताही उद्योग, क्रिया किंवा प्रक्रिया, अथवा शुद्धीकरण आणि विल्हेवाटीची यंत्रणा जिथे चालते, त्या जागेतून सोडलेला घरगुती सांडपाण्याखेरीजचा कोणताही द्रव वा घन पदार्थ तिच्यात येतो. फक्त कारखाना असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. फिल्टर धुणं ही प्रक्रिया नाही, असं नगर परिषदेच्या वकिलांनी म्हणून पाहावं. कदाचित म्हणतीलही, पण शब्द तुमच्या बाजूचे आहेत. ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो हाही बचाव चालत नाही. त्याच कलमात प्रवाहाच्या व्याख्येत सध्या कोरडा असलेला जलमार्ग आणि जमिनीखालचं पाणीही धरलेलं आहे.

कलम २५ प्रमाणे असं पाणी सोडणारी यंत्रणा उभी करायला, आणि तिच्यात वाढ करायलाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाची आगाऊ संमती लागते. चार वर्षांपूर्वी प्लांट वाढवला, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. जुन्या प्लांटबद्दल ते काहीही सांगोत, वाढीव भागाची संमती कुठे आहे हा प्रश्न उरतोच. मंडळाकडे संमतीची नोंदवही असते आणि त्या पाण्याची झळ लागलेल्या माणसाला ती पाहायचा हक्क याच कलमात दिलेला आहे. उपप्रादेशिक कार्यालयात जा आणि लेखी अर्ज देऊन ती पाहा.

वीस वर्षांच्या वहिवाटीचं ऐकून तुम्ही घाबरलात, पण ते कारण पोकळ आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ वीस वर्षांच्या अखंड वापराने हक्क देतं, हे खरं. पण जागा सरकारची असेल तर तीस वर्षं लागतात, आणि ओढा सरकारचा आहे. तुमच्या रानात तर पाणी याच जुलैत आलं. वर, पाणी घाण करायचा असा हक्क कुणाला मिळालाच, तर त्याची मर्यादा त्या मुदतीच्या सुरुवातीला जेवढी घाण होती तेवढीच, असं कलम २८ सांगतं. म्हणजे दुप्पट झालेल्या पाण्याला जुनी वहिवाट पांघरूण घालू शकत नाही. आणि जे करायला १९७४ च्या कायद्याचं कलम २४ मनाई करतं, ते वर्षानुवर्षं केल्याने हक्क होत नाही.

आता पुरावा. इथेच बहुतेक तक्रारी बुडतात. लोक बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेतात, अहवाल पिण्याच्या पाण्याच्या निकषांवर येतो आणि समोरचा वकील म्हणतो, हे पाणी आम्ही प्यायला दिलंच नव्हतं. त्याचं बरोबर असतं. सोडलेल्या पाण्याचे निकष वेगळे आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टात ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यात तरंगते घन कण लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्यात २०० पर्यंत चालतात. सामू (पीएच) ५.५ ते ९ आणि ओढ्यात सोडताना उरलेला क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमला तिथे वेगळी मर्यादा नाही, म्हणून त्यावर भर देऊ नका. तुमचं सगळं बळ घन कणांवर ठेवा. फिल्टर धुवायला लागल्यावर पहिली काही मिनिटं जे दाट पाणी येतं, ते शंभरच्या आत राहणं अवघड आहे.

म्हणूनच नमुना कधी घेतला याला फार महत्त्व. मंडळाचे अधिकारी दुपारी दोनला आले तर पाइप कोरडा असेल किंवा नितळ पाणी ठिबकत असेल, आणि अहवाल स्वच्छ येईल. तक्रारीत स्पष्ट लिहा की नमुना फिल्टर धुण्याच्या वेळेलाच, सुरुवातीच्या पाण्याचा घ्यावा. न्यायालयात टिकतो तो १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, संबंधितांना नोटीस देऊन, दोन भाग करून सीलबंद केलेला नमुना. तुमच्या बाटलीचा उपयोग चौकशी सुरू करून घेण्यापुरता. तरी ती भरा, आणि पंधरा दिवस वहीत तारीख, वेळ आणि पाणी किती मिनिटं वाहिलं ते लिहून ठेवा.

माहितीच्या अधिकारात नगर परिषदेकडे तीन गोष्टी मागा : फिल्टर धुण्याच्या वेळांचं रजिस्टर, रोजच्या तुरटीचं आणि नदीच्या गढूळतेचं रजिस्टर, आणि वाढीव कामाचा आराखडा. प्लांट वाढवण्याआधीच्या आणि नंतरच्या तुरटीचे आकडे शेजारी ठेवले की गाळ किती वाढला हे कुणी वेगळं सांगायला नको. उत्तराची मुदत ३० दिवसांची. त्याच कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि पदार्थाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे, तोही अर्जात मागा.

मुदतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. तिथे न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४ खाली वाद न्यायचा तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात. जुलैपासून मोजले तर जानेवारीत संपतात, आणि समोरचे म्हणतील की कारण चार वर्षांपूर्वीच घडलं. म्हणून मी तुमचा अर्ज मुख्यतः त्याच कायद्याच्या कलम १५ वर उभा करीन. नुकसानभरपाई आणि जमीन-विहीर पूर्ववत करून मिळणं यासाठी तिथे पाच वर्षं आहेत. प्लांटच्या वाढीपासून मोजलं तरी तुमच्या हाती जेमतेम वर्ष आहे. दोन्ही कलमांत सबळ कारण दाखवलं तर साठ दिवस वाढवून मिळू शकतात, पण त्यांवर विसंबू नका. मंडळाला तक्रार, मुख्याधिकाऱ्यांना नोटीस, हे सगळं करताना घड्याळ थांबत नाही. फेब्रुवारीत बघू असं म्हणत बसू नका.

शहराच्या पाण्याबद्दलची तुमची काळजी मनाला लागली. प्लांट बंद करा असं कुठेच मागू नका, न्यायालयही ते देणार नाही. मागायचं ते असं : धुण्याचं पाणी एका टाकीत निवळू द्यावं, वरचं पाणी परत प्लांटच्या सुरुवातीला घ्यावं, खालचा गाळ वाळवण्याच्या वाफ्यांवर टाकावा, ओढ्यातला साचलेला गाळ काढावा, विहीर उपसून द्यावी आणि पिकाची व मोटारीची भरपाई द्यावी. फिल्टर धुवायला साधारण दोन-तीन टक्के पाणी जातं. दिवसाला ५० लाख लिटरचा प्लांट धरला तर हे एक ते दीड लाख लिटर होतं, दहा हजार लिटरचे दहा-पंधरा टँकर. उन्हाळ्यात हीच नगर परिषद टँकर लावत असेल तर हा हिशोब मुख्याधिकाऱ्यांपुढे जरूर ठेवा. तुमच्या भांडणात शहराचाही फायदा आहे.

पैसे नाहीत असं उत्तर येईल. ती सबब नगर परिषदेला चालत नाही. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलं की तिजोरी रिकामी आहे म्हणून लोकांना घाणीत ठेवता येणार नाही. तो खटला दंडाधिकाऱ्यांच्या उपद्रव हटवण्याच्या आदेशातून आला होता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ते कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ आहे. ओढ्याच्या खाली आणखी कुणाची राने असतील तर चार-पाच जणांच्या सह्यांनी प्रांताधिकाऱ्यांकडे हा अर्ज देता येईल. पंचनामा लवकर होतो, आणि तो पंचनामा पुढे पुण्यातही कामी येतो.

या आठवड्यात एवढं करा : तलाठ्याकडून गाळाचा आणि विहिरीचा पंचनामा, सात-बाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का ते पाहणं, या हंगामाच्या ई-पीक पाहणीची प्रत आणि मोटार दुरुस्तीची पावती. विहीर उपसायच्या आधी आत पट्टी धरून गाळाची खोली मोजा आणि पट्टीसकट फोटो घ्या. एकदा उपसली की ती खोली पुन्हा दाखवता येणार नाही.